९७ मिनिटं की २४० मिनिटं: माकडाच्या डोळ्यातून आलेला एक आकडा

मागच्या पावसाळ्यात ओपीडीत एक आजोबा आले होते, वय ६८, थोडा ऊस, दोन म्हशी, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची. सोबत सून. उजव्या डोळ्याने काही दिसेना. कधीपासून विचारलं तर म्हणाले, "काल सांच्याला धार काढत हुतो मॅडम, आन् एकदम पडदा पाडल्यागत झालं. दुखलं न्हाय, काय न्हाय. म्हटलं रातभर झोपलं की उतरंल." सकाळी उठले तरी उतरलं नव्हतं, मग एसटीने तालुक्याला, तिथून चिठ्ठी घेऊन आमच्याकडे, आणि माझ्यासमोर बसले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले. म्हणजे साधारण अठरा तास गेले.

थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आत बघितलं. डोळ्याचा पडदा एरवी केशरी-तांबूस दिसतो, इथे सगळा पांढुरका, पाणी घातलेल्या दुधासारखा, आणि बरोब्बर मधोमध एक लालभडक ठिपका. नवीन मुलांना तो ठिपका म्हणजे रक्त वाटतं, पण ते रक्त नसतं. तिथे पडद्याचे आतले थरच नसतात, त्यामुळे मागच्या कोरॉइडचा, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराचा, लाल रंग आहे तसा दिसत राहतो, आणि आजूबाजूचा पडदा रक्ताविना सुजून पांढरा झाल्यामुळे तो जास्तच उठून दिसतो. धमन्या शिवायच्या दोऱ्याएवढ्या बारीक झालेल्या, आणि एका शिरेत रक्ताचे तुकडे पडून ते मुंग्यांच्या रांगेसारखे थांबत थांबत सरकत होते. सेंट्रल रेटिनल आर्टरी ऑक्लुजन, म्हणजे पडद्याला रक्त देणारी मुख्य धमनीच बंद. लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारी गोष्ट, पण ज्याला होते त्याचा डोळा बहुतेक वेळा जातोच.

सुनेने विचारलं, "मॅडम, काल रात्रीच आणलं असतं तर?"

मी म्हणाले, चार तासांच्या आत आला असता तर काहीतरी प्रयत्न करता आला असता. हे मी इतक्या सरावाने म्हणाले की घरी गेल्यावर माझं मलाच खटकलं. चार तास हे मला कुणी सांगितलं? माणसाच्या डोळ्याची धमनी मुद्दाम बंद करून घड्याळ लावून तर कुणी बसलेलं नाही, बसणारही नाही. पेशंट येतो तेव्हा गुठळी नक्की कधी अडकली, मध्ये थोडी सुटली का, पुन्हा बसली का, यातलं काहीच कळत नाही. तर तो आकडा माकडांच्या डोळ्यातून आलाय, आणि तो कसा आला आणि आपल्यापर्यंत येईपर्यंत त्याचं काय काय झालं तेच मला इथे नीट मांडायचंय, कारण हा आकडा आपण पेशंटच्या तोंडावर सांगतो आणि त्यावर घरच्यांना आयुष्यभर हळहळत ठेवतो.

प्रश्न साधा होता. पडद्याचं रक्त किती वेळ तोडलं तर पडदा कायमचा मरतो? मेंदूचं रक्त पूर्ण तुटलं तर चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात हे माहीत होतं, आणि पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, मग त्याचंही तेवढंच असणार असं कुणालाही वाटेल. पण पडद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं, आतल्या थरांना त्या मुख्य धमनीचं आणि बाहेरच्या थरांना, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, मागच्या कोरॉइडचं. शिवाय पुढे व्हिट्रियस आहे, त्या जेलीत थोडी साखर शिल्लक असते. म्हणजे कोंडी झाली तरी घरात थोडा शिधा असतो.

आता हे बघायला प्राणी कुठला घ्यायचा? इथेच अर्धी लढाई असते आणि वाचणारे बहुतेक जण नेमकं इथेच दुर्लक्ष करतात. ससा घेतला तर त्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या फक्त दोन आडव्या पट्ट्यांत असतात, बाकी पडदा कोरडाच. गिनी पिगच्या पडद्यात तर रक्तवाहिन्याच नाहीत. मांजर आणि कुत्रा यांच्याकडे आपल्यासारखी एक मुख्य धमनी नसते, कडेकडेने बऱ्याच लहान धमन्या आत येतात, मग बंद काय करणार? उंदराकडे मुख्य धमनी आहे पण मॅक्युला नाही, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो, माणसं ओळखतो, सुईत दोरा ओवतो ती जागाच नाही. सस्तन प्राण्यांत मॅक्युला आणि त्यातला तो खड्डा फक्त माकडांकडे आणि आपल्याकडे. म्हणून ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतातलं लाल तोंडाचं आखूड शेपटीचं माकड (आपल्याकडचं काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर वेगळं). ही माकडं एके काळी भारतातून बोटी आणि विमानं भरून परदेशी लॅबना जायची, १९७८ मध्ये आपण ते पाठवणं बंद केलं.

हे काम ज्यांनी केलं ते सोहनसिंग हायरे, मूळचे पंजाबचे, तिथेच डॉक्टर झाले, पुढे लंडन, एडिनबरा आणि १९७३ पासून अमेरिकेत आयोवाला. डोळ्याच्या रक्तपुरवठ्यावर त्यांच्याइतका पिच्छा पुरवून काम केलेला माणूस शोधून सापडणार नाही. १९८० मध्ये त्यांचे यावरचे पेपर आले. पद्धत अशी की माकडाला पूर्ण भूल द्यायची, डोळ्याच्या खोबणीत बाजूने शिरायचं, आणि डोळ्याच्या मागे जिथे ती धमनी ऑप्टिक नर्व्हमध्ये, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, शिरते तिथे तिला बारीक क्लॅम्प (चिमटा) लावायचा. ठरवलेली मिनिटं झाली की क्लॅम्प काढायचा. कुणाला कमी वेळ, कुणाला जास्त, आणि मग पुढचे दिवस आणि महिने त्या डोळ्यांचं काय होतं ते बघत राहायचं: पडद्याचे फोटो, शिरेतून पिवळा डाय देऊन रक्ताचा प्रवास, ईआरजी, शेवटी मायक्रोस्कोपखाली पेशी.

ईआरजीबद्दल एक वाक्य सांगते कारण ते फार सुंदर आहे. डोळ्यावर लाईट मारला की पडद्यातून विजेची एक लाट येते, आधी खाली जाणारी आणि मग वर उठणारी. खालची लाट प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, वर उठणारी त्यांच्या पुढच्या आतल्या थराची. धमनी बंद केल्यावर खालची लाट तशीच राहते आणि वरची बसून जाते. कोरॉइड चालू, आतली धमनी बंद, हे कागदावर एका रेषेत दिसतं.

तर आकडा आला तो असा: ९७-९८ मिनिटांपर्यंत क्लॅम्प ठेवला तरी पडदा सावरला, आणि १०५ मिनिटं गेली की भरून न येणारं नुकसान. म्हणजे दीड तासाच्या थोडं पुढे जणू एक कडाच. हा आकडा पुस्तकात गेला, परीक्षेत विचारला गेला, आणि जगभरात "शंभर मिनिटं" म्हणून पाठ झाला.

पण ती माकडं तरुण होती, धडधाकट होती. माझ्यासमोर बसलेले आजोबा ६८ वर्षांचे, बीपी, धमन्यांच्या भिंती जाड झालेल्या, आणि हा आजार होतो तो बहुतेक अशाच माणसांना. हे हायरेंनाही टोचत असणार, कारण त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला, या वेळी वयस्कर, धमन्या कडक झालेली आणि बीपी असलेली ३८ ऱ्हीसस माकडं घेऊन. २००४ मध्ये तो पेपर आला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच, की ज्याच्या नावावर एक प्रसिद्ध आकडा आहे त्या माणसाने स्वतःच उठून म्हणायचं, थांबा, मी प्राणी चुकीच्या वयाचा घेतला होता.

आता तुम्हाला काय वाटतं, म्हाताऱ्या आजारी माकडांचा पडदा लवकर मरेल की उशिरा? मी रेसिडेंट असताना हा प्रश्न मला विचारला होता आणि मी ठामपणे म्हणाले होते की लवकर. चूक. ९७ मिनिटांपर्यंत इथेही काही नुकसान दिसलं नाही, पण त्यापुढे कडा नव्हता, उतार होता. जितका जास्त वेळ तितकं जास्त नुकसान, काही डोळे बरेच वाचलेले काही कमी, आणि २४० मिनिटांच्या आसपास पोचल्यावर मग जवळजवळ सगळा पडदा गेलेला. २४० मिनिटं म्हणजे चार तास. सुनेला मी सांगितलेले ते चार तास हे, ३८ म्हाताऱ्या माकडांचे.

म्हाताऱ्यांचा पडदा जास्त का टिकला? एक शक्यता अशी सांगता येते की वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्त कमी पडत गेलं की पेशी कमी खर्चात जगायला शिकतात, दुष्काळी भागातली ज्वारी जशी थोड्या पावसावर तग धरते तसं. पटण्यासारखं आहे, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

यापेक्षा मोठी भानगड क्लॅम्पच्या जागेची आहे. क्लॅम्प लावला तो धमनी नर्व्हमध्ये शिरते तिथे, म्हणजे डोळ्याच्या बरंच मागे. त्या जागेच्या पुढे, नर्व्हच्या आत आणि तिच्या आवरणावर, धमनीला बारीक फांद्या असतात आणि त्या शेजारच्या वाहिन्यांना मिळालेल्या असतात. मुख्य पाईप बंद केला तरी त्या फांद्यांतून थोडं थोडं रक्त उलट्या वाटेने आत झिरपतं, डायच्या फोटोंमध्ये हे दिसतं सुद्धा, अगदी हळू पण जातं. माणसात मात्र गुठळी बऱ्याचदा पुढे अडकते, जिथे नर्व्ह डोळ्याच्या भिंतीतली जाळी ओलांडून आत येते तिथे किंवा तिच्या जवळ. तिच्या पुढे मदतीला येणारी फांदीच नाही. गावाबाहेरचा मेन व्हॉल्व्ह बंद केला तर टाकीतलं उरलेलं पाणी थोडा वेळ येतं, पण घराच्या नळातच कचरा अडकला तर टाकी भरलेली असून उपयोग नाही, इतका हा फरक आहे. म्हणजे ९७ काय आणि २४० काय, दोन्ही आकडे थोडं रक्त चालू असलेल्या पडद्याचे आहेत.

२०१८ मध्ये एका पेपरात हे सरळच मांडलं गेलं: धमनी खरोखर पूर्ण बंद झाली, कुठूनही थेंब नाही, तर आतला पडदा १२ ते १५ मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि जे पेशंट तासांनंतरही थोडे सुधारतात त्यांची धमनी मुळात अर्धवटच बंद झालेली असते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. १२ मिनिटं, ९७ मिनिटं, २४० मिनिटं. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं आणि माझ्या मते तिन्ही खरी, कारण प्रश्न तिन्ही वेळा वेगळा विचारलाय. आपल्याला तो एकच वाटतो.

उंदरांचे प्रयोग बघितले की हे अजून स्पष्ट होतं. उंदराच्या डोळ्यात रक्त तोडायची सगळ्यात वापरातली पद्धत म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागात बारीक सुई घालायची, तिला सलाईनची नळी जोडायची आणि बाटली उंच टांगायची. डोळ्यातलं प्रेशर पाऱ्याचे १२० मिलिमीटर करायचं असेल तर बाटली डोळ्याच्या वर साधारण १६३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या उंचीएवढी. एवढं प्रेशर झालं की रक्त आत शिरूच शकत नाही, पडदा डोळ्यादेखत पांढरा पडतो, तासाभराने बाटली खाली आणली की पुन्हा लाल. स्वस्त, सोपं, आणि एका दिवसात बरेच उंदीर होतात. पण यात कोरॉइड पण बंद होतं, म्हणजे पुढचं दार आणि मागचं दार दोन्ही, शिवाय प्रेशरचा स्वतःचा मार वेगळाच. त्यात मेलेल्या पेशी बघून "धमनी बंद झाल्यावर असं होतं" म्हणायचं हे मला पटत नाही, तरी म्हटलं जातं.

दुसरी पद्धत लेझरची. शिरेतून 'रोझ बेंगॉल' नावाचा गुलाबी रंग द्यायचा, आणि पडद्यावरच्या वाहिनीवर हिरव्या लेझरचा ठिपका पाडायचा. रंगाने प्रकाश खाल्ला की तिथे तापट ऑक्सिजन तयार होतो, वाहिनीची आतली भिंत भाजते, प्लेटलेट्स येऊन चिकटतात आणि खरीखुरी गुठळी बसते. क्लॅम्पपेक्षा हे माणसाच्या जास्त जवळचं, कारण आपल्याकडेही बंद होतं ते गुठळीनेच. पण तरुण निरोगी उंदराचं रक्त अशी गुठळी काही दिवसांत विरघळवून टाकतं, वाहिनी पुन्हा उघडते, आणि ज्याला महिनाभर बंद राहिलेल्या शिरेचा अभ्यास करायचाय तो हात चोळत बसतो.

शिरेचं, म्हणजे पडद्यातलं रक्त परत नेणाऱ्या वाहिनीचं, निघालंच आहे म्हणून सांगते, तिथे माकडांनी आपल्याला फार मोठं दान दिलंय. पडद्याची शीर बंद झाली की उपाशी पडदा काहीतरी रसायन सोडतो आणि त्याने नको तिथे नवीन कच्च्या वाहिन्या उगवतात, असा संशय १९४८ पासून होता. १९९४ मध्ये बोस्टनच्या लोकांनी माकडांच्या पडद्यातल्या शिरा लेझरने बंद करून दाखवलं की ते रसायन व्हीईजीएफ, जितकं ते वाढतं तितक्या बुबुळावर वाहिन्या उगवतात, आणि १९९६ मध्ये ते अडवलं की वाहिन्या उगवत नाहीत हेही माकडांतच दाखवलं. २०१० मध्ये अमेरिकेत शीर बंद झालेल्या पेशंटसाठी व्हीईजीएफ अडवणाऱ्या रॅनिबिझुमॅब इंजेक्शनला मान्यता मिळाली. आज आमच्याकडे शीर बंद झालेले काका-काकू डोळ्यात इंजेक्शन घ्यायला रांगेत बसलेले असतात, ती सगळी रांग त्या माकडांची देणेकरी आहे.

मग शिरेच्या बाबतीत मॉडेल एवढं कामाला आलं आणि धमनीच्या बाबतीत गोंधळ का? माझं मत असं की प्राण्याला "कसं होतं" विचारलं तर तो बऱ्याचदा खरं सांगतो, "किती" विचारलं तर तो फक्त स्वतःपुरतं सांगतो. कुठलं रसायन, कुठला थर आधी मरतो, सूज कुठून येते, हे माकडातून माणसात बऱ्यापैकी तसंच येतं. मिनिटं मात्र तशी येत नाहीत. ती वयावर, बीपीवर, क्लॅम्पच्या जागेवर, झिरपणाऱ्या थेंबांवर अवलंबून असतात.

आणि आकडा क्लिनिकमध्ये आल्यावर त्याचं काय झालं तेही बघा. हायरे स्वतः सांगत राहिले की चार तासांनंतर गुठळी विरघळवण्यात अर्थ नाही, पडदा आधीच गेलेला असतो. तरी युरोपात ईगल नावाची ट्रायल झाली, २० तासांच्या आत आलेल्या पेशंटना धमनीत नळी घालून गुठळी विरघळवणारं औषध द्यायची, ८४ पेशंट. २०१० मध्ये निकाल आला: नजर सुधारण्यात काही फरक नाही, साध्या उपचारांत ६० टक्के सुधारले, औषधात ५७ टक्के, आणि त्रास मात्र औषधाच्या गटात ३७ टक्क्यांना, साध्या गटात चारेक टक्क्यांना, त्यामुळे ट्रायल मध्येच थांबवली. माकडांचं ऐकलं असतं तर २० तासांची मुदत ठेवली नसती असं मला वाटतं. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने धमनी बंद होणं म्हणजे स्ट्रोकच धरा असं सांगितलं आणि शिरेतून औषध द्यायचंच तर साडेचार तासांच्या आत असा विचार पुढे आला, त्याच्या आगेमागे नॉर्वे, जर्मनी आणि फ्रान्समध्ये त्या साडेचार तासांवर वेगवेगळ्या ट्रायल सुरू झाल्या. साडेचार तास हे मुळात मेंदूच्या स्ट्रोकमधून आलेत, माकडांचे चार तास त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि दोन्ही एकमेकांना आधार देतात असं दिसायला लागलं. तो आधार दिसतो तितका पक्का नाही एवढंच माझं म्हणणं.

त्या माकडांबद्दल मला अपराधी वाटतं, हे लपवत नाही. भूल दिलेली असली तरी ते डोळे त्यांचे होते. म्हणूनच चिडचिड होते जेव्हा कुणी "प्राण्यांवर सिद्ध झालंय" एवढंच म्हणून पुढे जातो, कुठला प्राणी, किती वयाचा, काय बंद केलं, कुठे बंद केलं हे न विचारता. एवढं मोल देऊन आलेलं उत्तर आहे, ते पूर्ण वाचायला तरी हवं.

आजोबांचं काय झालं ते सांगते. अठरा तासांनंतर औषध देऊन उपयोग नव्हता, धोकाच होता. मी डोळा चोळून प्रेशर कमी करून बघितलं, खरं सांगायचं तर हातावर हात ठेवून बसवेना म्हणून. काहींच्या डोळ्यात कडेने येणारी एक जास्तीची लहान धमनी असते, तिने मधला भाग वाचतो, सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या डोळ्यांत ती सापडते, यांच्यात नव्हती. त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं, कारण डोळ्यात गुठळी आली ती मानेतून किंवा हृदयातून आलेली असू शकते आणि पुढची मेंदूत जाऊ शकते. मानेच्या डॉपलरमध्ये उजव्या कॅरोटिडला, म्हणजे मेंदूकडे आणि डोळ्याकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीला, चरबीचा थर निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

सुनेला मी दुसऱ्यांदा बोलावून घेतलं आणि आधी म्हणालेलं सुधारलं. म्हणाले, रात्री आणलं असतं तरी डोळा वाचला असता असं मी सांगू शकत नाही, कदाचित पहिल्या पंधरा मिनिटांतच गेला असेल, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. पण डावा डोळा आहे आणि मेंदू आहे, त्यामुळे पुन्हा कधी असा पडदा पडल्यासारखं झालं, पाच मिनिटांत उतरलं तरी, झोपून बघायचं नाही, त्याच मिनिटाला निघायचं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "रात्री मीच म्हटलेलं, सकाळी बघू."

महिन्याने दाखवायला आले तेव्हा आजोबांनी खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढला. सुनेने त्यावर मोठ्या अक्षरात १०८ आणि आमच्या कॅज्युअल्टीचा नंबर लिहिला होता. "ह्योच दुसरा गोठ्यात लावलाय," ते म्हणाले, "म्हशीच्या खुट्याच्या वर, धार काढताना डाव्या डोळ्याला दिसंल असा."